वर्षावासातले ग्रंथवाचन बंद दाराआड असावे का? विहार समित्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील बुद्ध विहारांच्या समित्या, बौद्धाचार्य आणि ग्रंथवाचन चालवणारे सर्व उपासक-उपासिका यांस,

सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.

आषाढ पौर्णिमा जवळ आली की विहारांत वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याच्या काळाच्या, बैठका सुरू होतात. वाचक कोण, वेळ कोणती, भोजनदान कोणाकडे, समारोपाला कोणत्या भन्तेजींना बोलवायचे, हे ठरते. या बैठकांत आणखी एक विषय निघतो: ग्रंथवाचनाला बाहेरच्यांना बसू द्यायचे का, आणि बसले तर बोलू द्यायचे का.

नको म्हणणाऱ्यांचे दुखणे खरे आहे. दिवसभर कामावर, शेजारात आणि नातेवाइकांत टोमणे ऐकलेला माणूस संध्याकाळी विहारात येऊन बसतो. तिथेही कोणी उठून 'तुमची वंदना म्हणजे दुसरे कर्मकांडच', 'हा मूळ बौद्ध धम्म नाही, हा नवा आहे', 'बुद्ध तर विष्णूचाच अवतार' असे सुनावू लागला, तर नवखा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. वाचायला पहिल्यांदाच धीर करून उभी राहिलेली आजी पुन्हा माईकसमोर येत नाही. दुसरीकडे, दार लावू नका म्हणणारेही चुकीचे बोलत नाहीत. रोजच्या धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा, असे म्हणायचे आणि आलेल्याला दारातूनच परत पाठवायचे, हे जुळत नाही.

आमचे मत आधीच सांगतो. बंद बैठक हवी, आणि ती ठामपणे बंद हवी. पण तिला नेमलेला दिवस हवा, आखलेली हद्द हवी, आणि बाहेर झालेली टीका त्या बैठकीत आणून मोठ्याने वाचण्याची सक्ती हवी. ही शेवटची गोष्ट नसेल तर पहिल्या दोन करू नका, त्या विहाराचे नुकसानच करतील. हे आम्ही पदरचे सांगत नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, याची पूर्ण घडी बसवलेली आहे. भिक्खूंचा विषय म्हणून आपण उपासकांनी ती उघडून पाहिली नाही, एवढेच.

त्यातल्या महावग्गातला उपोसथाचा, म्हणजे ठरावीक तिथींना जमून धम्म पाळण्याचा, भाग पाहा. राजगृहात इतर पंथांचे परिव्राजक (फिरते संन्यासी) पंधरवड्याच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंधराव्या तिथीला जमून आपापला धर्म सांगत. लोक तिकडे जात आणि त्यांचे होऊन राहत. बिंबिसार राजाने हे पाहिले आणि आपल्या भिक्खूंनीही असे जमावे, असे भगवंतांना सुचवले. ते मान्य झाले. भिक्खू जमले, पण नुसते गप्प बसून राहिले. लोक नावे ठेवू लागले की हे मुक्या डुकरांसारखे काय बसतात! ते भगवंतांच्या कानावर गेले आणि जमल्यावर धम्म सांगावा अशी परवानगी झाली. म्हणजे ज्या उपोसथाला आपण पांढरी वस्त्रे नेसून अष्टशील घेतो, त्याचा नमुना परपंथीयांचा, सूचना राजाची आणि दुरुस्ती लोकांच्या टीकेतून झालेली आहे.

वर्षावास तर थेट तक्रारीतूनच आला. पावसाळ्यात हे श्रमण हिरवे गवत तुडवत, बारीक जीव चिरडत फिरतात. इतर पंथांचे लोक एका जागी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून थांबतात, मग यांनाच काय झाले, असे लोक म्हणू लागले. त्यावर 'तुम्हाला आमचा धम्म कळत नाही' असे उत्तर दिले गेले नाही. नियम केला गेला. ज्या तीन महिन्यांच्या बैठकांतून टीकाकाराला बाहेर ठेवायचे आपण बोलतो आहोत, ते तीन महिने टीकाकारांमुळेच आपल्याला मिळाले आहेत.

आणि तरीही, त्याच महावग्गात दार लावायचा नियमही आहे. पातिमोक्ख गृहस्थांच्या समोर म्हणायचे नाही. भिक्खूंच्या २२७ नियमांचे हे पठण पंधरवड्यातून एकदा होते आणि ते सीमेच्या आत होते. सीमा मोघम नाही. ती कोणत्या खुणांनी आखायची तेही सांगितले आहे: डोंगर, खडक, वन, झाड, वाट, वारूळ, नदी, पाणी. संघाचे पठण व्हायला किमान चार भिक्खू लागतात. तीन किंवा दोनच असतील तर पठण नाही, त्यांनी एकमेकांना आपली परिशुद्धी, म्हणजे आपण नियमांत शुद्ध आहोत हे, सांगायची. एकटाच असेल तर मनाशी अधिष्ठान (निश्चय) करायचे. आजारी भिक्खूला येता येत नसेल तर त्याने आपली परिशुद्धी आणि संघाच्या कामाला असलेली संमती दुसऱ्याबरोबर पाठवायची, म्हणजे गैरहजर माणसाच्या पाठीमागे निर्णय झाला असे होत नाही.

हे बंद का, याचा आम्ही लावतो तो अर्थ असा. तिथे प्रत्येक वर्गातले नियम म्हणून झाले की 'यात तुम्ही शुद्ध आहात ना' असे तीनदा विचारले जाते. ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने ती आधी कबूल करून मोकळे व्हायचे असते. माणूस स्वतःची चूक भरल्या बाजारात सांगत नाही; सांगितली तर तिचा वापर होईल ही भीती असते. म्हणजे ते दार लावले ते आतल्यांना अधिक कठोरपणे तपासता यावे म्हणून. बंद बैठकीची हीच एक कसोटी धरा: दार लावल्यावर आत आपण स्वतःला जास्त प्रश्न विचारतो की कमी? कमी विचारत असू, तर ते दार उघडलेले बरे.

आता पवारणा. आपल्याकडे आश्विन पौर्णिमेला समारोपाचा कार्यक्रम, भोजन आणि चीवरदान होते. पवारणा या विधीत नेमके काय होते ते फार थोडे लोक सांगू शकतात. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासभर एकमेकांशी न बोलण्याचे ठरवले. बोललोच नाही तर भांडण होणार नाही, असा हिशेब. तीन महिने झाल्यावर ते भगवंतांकडे आले आणि आम्ही एकोप्याने, सुखाने राहिलो असे सांगितले. भगवंतांनी त्याला सुख म्हटले नाही. हे जनावरांसारखे राहिले आणि वर सुखाने राहिलो म्हणतात, असे ते म्हणाले. मूकव्रत घ्यायला बंदी झाली आणि पवारणा सुरू झाली. तीत प्रत्येक भिक्खू, सर्वांत ज्येष्ठ स्थविरापासून सुरुवात करून, संघापुढे तीनदा म्हणतो: माझ्याबद्दल काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल तर अनुकंपेने मला सांगा, दिसले की मी सुधारेन.

'शंका आली असेल' हेही त्यात आहे, याकडे समित्यांनी लक्ष द्यावे. पुरावा असेल तरच बोला, अशी अट आपण घालतो. विनयात नुसती शंकासुद्धा मांडायला जागा आहे, कारण ती मांडली नाही तर पारावर जाते. आणि सुरुवात ज्येष्ठापासून होते. आपल्याकडे बरोबर उलटे चालते: नव्या पोरांना जाब विचारला जातो, अध्यक्षांना नाही.

मात्र बोलणाऱ्यालाही मोकळे सोडलेले नाही. दुसऱ्याचा दोष काढणाऱ्याने पाच गोष्टी मनाशी ठरवून बोलायचे असे विनयपिटकातल्याच चुल्लवग्गात सांगितले आहे: योग्य वेळी बोलेन, अवेळी नाही, खरे तेच बोलेन, सौम्य बोलेन, हिताचे बोलेन, मैत्रीभावाने बोलेन. आणि बोलण्याआधी समोरच्याची परवानगी घ्यायची. हे पाच मुद्दे मोठ्या अक्षरांत लिहून वाचनाच्या टेबलाशेजारी लावा. टीका बंद करण्याच्या कोणत्याही ठरावापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो, कारण बहुतेक बैठका मोडतात त्या टीकेच्या आशयामुळे मोडत नाहीत. चुकीच्या वेळेमुळे आणि चढ्या आवाजामुळे मोडतात.

एवढ्यावरून विहारातल्या ग्रंथवाचनाची आखणी कशी करावी ते सांगतो.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत साधारण ८८-८९ दिवस मिळतात. बहुतेक ठिकाणी बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. त्याचे आठ खंड आहेत. मधल्या काळात सहा अष्टमी, तीन अमावास्या आणि श्रावण व भाद्रपद या दोन पौर्णिमा येतात. या तिथी आपल्याला मुद्दाम शोधाव्या लागत नाहीत, उपासक त्या पाळतातच. तेव्हा दिवसांचे तीन प्रकार करा.

रोजची संध्याकाळ अर्धी उघडी असावी. बसायला कोणीही यावे, कोणत्याही धर्माचे असोत. विहार ही सार्वजनिक जागा आहे, आणि दारात चपला काढून उंबऱ्याशी बसणारा शेजारीच पुढे आत येतो. पण रोजच्या वेळेत वाद नको. दीड तास धरला तर दहा मिनिटे वंदना, चाळीस मिनिटे वाचन, पंधरा मिनिटे वाचलेल्या भागाचा खुलासा, वीस मिनिटे शंका आणि शेवटी धम्मपालन गाथा. शंका त्या दिवशी वाचलेल्या पानांपुरतीच. 'हा शब्द कळला नाही', 'हे आधीच्या भागाशी कसे जुळते' हे चालेल. 'मुळात हे मानायचेच का' हा प्रश्न चांगला आहे, पण तो नोंदवहीत जाईल. वाचन दोघांत वाटून द्या, वीस-वीस मिनिटे. एकाच माणसाने चाळीस मिनिटे वाचले की आवाज पडतो आणि ऐकणारे पेंगतात. पुढच्या दिवशीची पाने वाचकाला आदल्या दिवशीच द्या. पाली नावे ऐनवेळी अडखळली की हसू होते, आणि ज्याचे हसू झाले तो पुन्हा वाचत नाही.

सहा अष्टम्या पूर्ण बंद असाव्यात. त्या दिवशी वाचन नाही, फक्त प्रश्न. बसायला तेच, ज्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले आहे आणि जे आधीच्या पंधरवड्यात नियमित आले आहेत. तीस-पस्तीस माणसांपेक्षा जास्त होत असतील तर दोन गट करा. मोठ्या घोळक्यात चारच लोक बोलतात. महिलांचा एक गट वेगळा बसवावा, निदान सहापैकी दोन अष्टम्यांना. लग्न, माहेर, व्रतवैकल्ये, सासरच्या देव्हाऱ्याचे काय करायचे, हे प्रश्न पुरुषांसमोर निघत नाहीत आणि म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहतात. इथे बोललेले बाहेर सांगायचे नाही, हा नियम पहिल्या अष्टमीला सर्वांकडून मान्य करून घ्या. ध्वनिमुद्रण नको, ध्वनिक्षेपकही बंद. गल्लीभर ऐकू जात असेल तर ती बंद बैठक नव्हे.

श्रावण आणि भाद्रपद पौर्णिमेची सभा मात्र पूर्ण उघडी असावी, अगदी टीकाकाराला आमंत्रण देऊन. विपश्यना करणारे, थेरवादाचा अभ्यास केलेले, नास्तिक, शेजारचे हिंदू-मुस्लिम-ख्रिस्ती, सर्वांना बोलवा. प्रश्नाला दोन मिनिटे, उत्तराला पाच, त्यावर एकच पुरवणी प्रश्न. उत्तर देणारे दोघे असावेत, एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ग्रंथातले पान काढून द्यायचे. प्रश्न विचारणाऱ्याची जात, धर्म, पक्ष विचारायचा नाही. उत्तर येत नसेल तर 'नोंदवले, अमुक तारखेला सांगू' म्हणायचे आणि त्या तारखेला सांगायचे. व्यासपीठ नको, सगळे एकाच सतरंजीवर. वर बसून दिलेले उत्तर कितीही बरोबर असले तरी खालच्याला ते झापणे वाटते.

या तिन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे नोंदवही. दोनशे पानी साधी वही घ्या, पाच रकाने पाडा: तारीख, प्रश्न, कोणाकडून (नाव नको, आतला की बाहेरचा एवढेच), आधार पाहिलेला ग्रंथ व पान, उत्तर. बाहेरून आलेली टीका सचिवाने टीकाकाराच्याच शब्दांत लिहायची आणि येत्या अष्टमीला तशीच वाचायची. मवाळ करून वाचायची नाही. टीका सौम्य करून आत आणली की उत्तरही सौम्य तयार होते आणि ते बाहेर टिकत नाही. विहारातल्या मुलाला कॉलेजात पहिला कडक प्रश्न आला की तो गडबडतो, आणि मग त्याला वाटते की आपल्याला विहारात फसवले.

वाचल्यावर काय करायचे हे ब्रह्मजालसुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचे प्रवचन) सांगितले आहे. राजगृह-नालंदा वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्धाची, धम्माची आणि संघाची निंदा करत चालला होता. त्याचाच शिष्य स्तुती करत होता. भिक्खूंमध्ये चर्चा झाली तेव्हा भगवंत म्हणाले की निंदा ऐकून तुम्ही रागावलात तर त्यात तुमचेच नुकसान आहे, कारण रागावल्यावर ते बोलतात ते बरोबर की चूक हे तुम्हाला कळेल का? जे खोटे असेल ते 'हे असे नाही, आमच्यात हे नाही' म्हणून उलगडून सांगा. स्तुतीनेही हुरळून जाऊ नका. म्हणजे क्रम असा: आधी राग उतरू द्या, मग टीकेत काय खरे आहे ते पाहा, मग उत्तर. टीका ऐकून लगेच उत्तर द्यायचे नाही. मधला आठवडा हवा. अष्टमीची बैठक ती सवड देते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण हा प्रश्न दरवर्षी पहिल्या खंडातच येतो. बाहेरचा माणूस विचारतो: 'सिद्धार्थाने म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून घर सोडले हे जगाला माहीत आहे. रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणावरून घर सोडले हे तुम्ही कुठून आणले?' वाचक बहुधा 'बाबासाहेबांनी लिहिले आहे' एवढेच म्हणतो. विचारणारा हसतो आणि आतले चिडतात. दोघांचेही काही हाती लागत नाही.

अष्टमीला हा प्रश्न घेताना चार गोष्टी समोर ठेवा. पहिली, बाबासाहेबांच्या ग्रंथाचा परिचय. त्यात त्यांनी स्वतःच हा प्रश्न मांडला आहे: २९ व्या वर्षापर्यंत एखाद्याने म्हातारपण, आजार, मरण पाहिलेच नाही हे पटण्यासारखे आहे का? दुसरी, दीघनिकायातले महापदानसुत्त. चार दृश्यांची कथा तिथे आहे, पण ती गौतमांच्या आधीच्या विपस्सी बुद्धांची आहे. तिसरी, मज्झिमनिकायातले अरियपरियेसनसुत्त. तिथे गौतम बुद्ध आपल्या गृहत्यागाविषयी स्वतः बोलतात. आई-वडिलांची इच्छा नव्हती, ते रडत होते, असे सांगतात. चार दृश्यांचा उल्लेख तिथे नाही, आणि मध्यरात्री गुपचूप निघून जाण्याचाही नाही. चौथी, सुत्तनिपातातले अत्तदण्डसुत्त: थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून मला भय वाटले, असे त्यात बुद्ध म्हणतात. मूळचे गोव्यातले धर्मानंद कोसंबी यांनी बाबासाहेबांच्या ग्रंथाआधीच 'भगवान बुद्ध' या मराठी पुस्तकात याच दिशेने हा विषय तपासला होता.

आणि इथे प्रामाणिकपणा लागतो. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय ही शेजारची कुळे भांडल्याची कथा अट्ठकथांत, म्हणजे नंतरच्या भाष्यग्रंथांत, आहे, पण तिथे ती बुद्धत्वानंतरची आहे. बुद्ध येऊन ते भांडण मिटवतात. गृहत्यागाचे कारण म्हणून ती तशीच्या तशी जुन्या ग्रंथात मिळत नाही. तेव्हा वहीत उत्तर असे लिहावे: चार दृश्यांचे कारण जुन्या सुत्तांत गौतमांच्या तोंडी नाही, माणसामाणसांतल्या संघर्षाचे भय त्यांच्या तोंडी आहे, बाबासाहेबांनी त्या संघर्षाला शाक्य-कोलिय वादाचे रूप देऊन कथन बांधले, आणि परंपरेचे कारण आपल्याला का पटत नाही ते उघड सांगितले. हे उत्तर घेऊन पौर्णिमेच्या सभेत उभे राहणारा माणूस चिडत नाही आणि खालीही पाहत नाही. बंद बैठकीने त्याला मिळाला तो अभ्यासाला वेळ आणि 'मला हे माहीत नव्हते' असे आपल्या माणसांत म्हणायची मुभा. बाहेरची टीका आली नसती तर ही चार पुस्तके कोणी काढलीच नसती.

बाबासाहेबांनी त्याच परिचयात आणखी तीन प्रश्न ठेवले आहेत: चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतली की नंतरची, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खू संघ नेमका कशासाठी. टीकाकार आपल्याला याहून अवघड काय विचारणार? जो समाज १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात विचार करून दीक्षित झाला, त्याच्या ग्रंथाची सुरुवातच प्रश्नांनी होते. 'श्रद्धावानांनी प्रश्न काढू नयेत' असा फलक विहारात लागला तर हा परिचय वाचायचा कुठे?

काही प्रसंगी मात्र एकही टीका आत येऊ देऊ नका. मृत्यूनंतरच्या जलदानविधी आणि पुण्यानुमोदनाच्या वेळी कोणी परित्राणाच्या धाग्यावरून किंवा गाथा म्हणण्यावरून वाद काढला तर त्याला त्याच क्षणी, हळू आवाजात, बाहेर न्या. त्याचा मुद्दा कदाचित बरोबर असेल. पण ज्या घरात माणूस गेले आहे तिथे 'योग्य वेळी बोलेन' ही पहिलीच अट मोडते. त्याला वहीत लिहायला सांगा. दीक्षेचा कार्यक्रम, मंगल परिणय आणि लहान मुलांची वंदना यांनाही हेच लागू आहे. पूजा-वंदनेत गुंतलेल्या सभेत मुद्दाम अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० प्रमाणे गुन्हा आहे. पण प्रश्न विचारणे म्हणजे अडथळा नव्हे, आणि हे कलम नुसत्या प्रश्नकर्त्याला दाखवत बसू नका.

तशाच काही गोष्टी बंद दाराआड कधीही ठेवता येत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २६ ने धार्मिक बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला आहे, पण त्याच अनुच्छेदात मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार करायला सांगितले आहे. वर्गणी, दानपेटी, बांधकाम, भोजनदानाची शिल्लक याबद्दल कोणी विचारले तर ती श्रद्धेवरची टीका नसते. नोंदणीकृत न्यासाने हिशेब दाखवायचाच असतो. आणि श्रामणेर (नवशिक्या भिक्खूंच्या) शिबिरात किंवा विहारात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची कुणकुण लागली, तर 'आधी समितीत बोलू' हे चालणार नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गुप्ततेचा नियम पहिल्या अष्टमीला सांगताना हा अपवाद त्याच दमात सांगा.

आता हे बिघडते कसे, तेही पाहा.

सर्वांत आधी 'बाहेरचा' या शब्दाची हद्द सरकते. सुरुवातीला बाहेरचा म्हणजे परधर्मीय. मग विपश्यनेला जाणारा. मग दुसऱ्या गटाचा. मग मागच्या निवडणुकीत विरोधात बसलेला. शेवटी समितीतल्या पाच जणांशिवाय सगळे बाहेरचे होतात आणि एका वस्तीत दोन विहार उभे राहतात. म्हणूनच विनयात सीमेच्या खुणा डोंगर आणि नदीसारख्या, कोणालाही दिसतील अशा आहेत. तुमचीही हद्द लेखी आणि मोजता येईल अशी ठेवा: त्रिशरण-पंचशील आणि पंधरवड्याची हजेरी. विचार कोणता, गट कोणता, हे हद्दीत घालू नका.

बुद्धांच्या काळात कोसंबी नगरीत हेच झाले होते. क्षुल्लक कारणावरून एकाच विहारातले भिक्खू दोन गटांत फुटले. खुद्द बुद्धांनी समजावले तरी ऐकेनात, तेव्हा ते तिथून निघून गेले. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी ठरवले की यांना वंदन नाही, यांना भिक्षाही नाही. मग ते भिक्खू श्रावस्तीला जाऊन वळणावर आले. आतल्यांना आतले दिसत नाही अशी वेळ येते, आणि तेव्हा बाहेरून कोणी बोलणारा लागतो. म्हणून आमची मागणी आहे की अष्टमीच्या बंद बैठकांचा गोषवारा (नावे वगळून, फक्त प्रश्न आणि उत्तरे) पौर्णिमेच्या सभेत वाचला जावा.

उलट चूकही होते. रोजच पूर्ण उघडे ठेवले की दोन-तीन तोंडाळ माणसे सगळा वेळ खातात, दीड महिना झाला तरी पहिला खंड संपत नाही, आणि बायका मागच्या रांगेतून उठून जातात. तिथे कोणी धम्म सोडत नाही. फक्त येणे सोडतात. अशा विहारात समारोपाला गर्दी दिसते, पण वाचलेले कोणालाच आठवत नाही.

नोंदवही पडून राहणे हा तिसरा घोटाळा. प्रश्न लिहिला जातो, उत्तर लिहिले जात नाही. यावर एकच उपाय चालतो: वही कोणाच्या घरी न्यायची नाही, वाचनाच्या टेबलावरच ठेवायची, आणि रोज वंदनेनंतर अनुत्तरित प्रश्नांचा आकडा मोठ्याने सांगायचा. आकडा दहाच्या वर गेला की पुढच्या अष्टमीला नवे प्रश्न घ्यायचे नाहीत.

राहिली आश्विन पौर्णिमा. भन्तेजींची पवारणा त्यांच्या विनयाप्रमाणे होईल, तिच्यात आपण पडायचे नाही. पण त्याच दिवशी, भोजनदानाआधी, समितीने उपासकांपुढे उभे राहावे. आधी अध्यक्ष, मग सचिव, मग खजिनदार, मग वाचक. प्रत्येकाने एवढेच विचारावे: या तीन महिन्यांत माझ्या कामात काही पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा. आणि मग दोन मिनिटे खरोखर थांबावे. पहिल्या वर्षी कोणी बोलणार नाही, तरी थांबावे. कोणी बोलले तर तिथल्या तिथे खुलासा करायचा नाही, लिहून घ्यायचे आणि पुढच्या पौर्णिमेला उत्तर द्यायचे. यासाठी एकूण अर्धा तास राखून ठेवा. तो पाहुण्यांच्या सत्कारातून काढता येईल.

आषाढ पौर्णिमेपूर्वीच्या बैठकीत समितीने तीन गोष्टींचा ठराव लिहून घ्यावा: सहा अष्टम्यांच्या तारखा आणि हजेरीची अट, दोन उघड्या सभांसाठी कोणाला आमंत्रण द्यायचे त्यांची यादी, आणि नोंदवही कोणाच्या ताब्यात राहील त्याचे नाव. ते नाव समितीच्या पदाधिकाऱ्याचे नसावे, आणि शक्यतो एखाद्या उपासिकेचे असावे.

आपले धम्मबंधू आणि धम्मभगिनी,
विहारांत ग्रंथवाचनाचे काम करणारे उपासक-उपासिका